गाडीत बसलेला माणूस

पायाला धसकटं टोचायला लागली की समजायचं, आमचा सीझन सुरू झाला. भात कापून, झोडून झालेलं असतं, पेंढ्याची उडवी रचलेली असते आणि रिकाम्या खाचरात माझे वडील, आबा, कुदळ घेऊन एकेक धसकट उपटत बसलेले असतात. त्याच खाचरात आम्ही तंबू लावतो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांच्या पाठीला एखादं धसकट लागलं तर ते सकाळी उठल्या उठल्या फोनवर आमच्याबद्दल मत लिहून टाकतात, "जागा छान, पण जमीन टोचते." आमच्या घरच्यांना ती किती वर्षं टोचत आली, त्यांनी कुठं लिहायचं होतं देव जाणे. मी हे वाचून दाखवलं की आबा नुसतं हं म्हणतात आणि पुढच्या धसकटाकडं वळतात.

तिकोणा पेठेच्या अलीकडं, पवना धरणाच्या काठाला आमची लहानशी वस्ती आहे. मार्गशीर्ष लागला की पहाटे पाण्यावरून धुकं उठतं आणि सरळ अंगणात शिरतं. गडाचं टोक तेवढं दिसतं, खालचं सगळं पुसलेलं. पाहुणे बायकामुलांना उठवून त्याचे फोटो काढतात. मला मात्र हे धुकं आता नकोसं वाटतं. ते आलं की दोन वर्षांपूर्वीचा हिवाळाही येतो, आणि मी चुलीवरून, लाकडांवरून, कुणी तांब्या जागेवर ठेवला नाही यावरून ओरडत सुटते. आमच्याकडं भाकरी थापायला येणारी शेवंतामावशी म्हणते, "आलं बगा हिचं थंडीचं दुखनं." ती मनावर घेत नाही. दुखणं कशाचं आहे ते तिला ठाऊक आहे.

तो हिवाळा मला एका पिक्चरमुळं आठवतो. आता हे सांगायलाही विचित्र वाटतं. माणसाच्या घरावर एवढं मोठं काही कोसळलं, तर त्याला त्या दिवसाची तिथी आठवावी, कुणाचा तरी चेहरा आठवावा. मला आठवतो तो विलायतेतला पाऊस, विटांच्या काळपट भिंती आणि लांब कोट घातलेली माणसं. मी विलायत पाहिलेली नाही. लग्न होऊन तुंगार्लीत नांदायला गेले आणि ते मोडल्यावर परत आबांच्या घरी आले, एवढाच माझा प्रवास. पण त्या पिक्चरमधली गल्ली मी आजही डोळे मिटून चालत जाईन.

शनिवार-रविवारी पाहुण्यांसाठी आम्ही पाण्याच्या बाजूला पडदा बांधत असू. प्रोजेक्टर पवनानगरच्या इस्माईलभाईंचा. त्यांचा मांडवाचा धंदा. लग्नातल्या खुर्च्या, स्पीकर, झालरी, सगळं त्यांचं. त्या सीझनच्या सुरुवातीला पुण्याच्या कंपनीतली पोरं वाढदिवस करायला आली होती. त्यांतल्या एका दाढीवाल्यानं येताना पेनड्राइव्हमध्ये स्वतःचा पिक्चर आणला. "अस्सल ब्रिटिश गँगस्टर पिक्चर आहे, हिंदी-बिंदी लावू नका," असं त्यानं इस्माईलभाईंना बजावलं. पिक्चर चालू झाला आणि अर्ध्या तासात निम्मी मंडळी कोंबडीच्या तुकड्यांकडं वळली. एक म्हणाला, "किती स्लो आहे यार." दुसरा म्हणाला, "स्लो नाही, डिटेलिंग आहे." एक मुलगी शाल गुंडाळून झोपून गेली आणि उठल्यावर तिनं शेवट फार सुंदर आहे असं सांगितलं. दाढीवाला त्यांच्या अडाणीपणावर चिडला, बाकीचे त्याच्या चिडण्यावर हसले. निघताना पेनड्राइव्ह मात्र इथंच राहिला.

मंगळवारी कॅम्पवर कुणी नसायचं. इस्माईलभाई सामान न्यायला आले की दिवेलागणीला वस्तीतले लोक म्हणायचे, लावा की भाई काहीतरी. एरवी ते हिंदी लावत, पण त्यांचा सगळा साठा असलेला लॅपटॉप पोराकडं लग्नाच्या शूटिंगला गेलेला. मग उरला हा दाढीवाल्याचा. पोती, पेंढा, खुर्च्या टाकून सगळे बसले. पिक्चर सुरू झाला आणि पाचदहा मिनिटांत सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी लोणावळ्याच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, म्हणजे इंग्रजीची मक्तेदार. पण ती माणसं तोंडात सुपारी धरून बोलावं तशी बोलत होती. मी दोनतीन शब्द पकडले, बाकीचे निसटले. शेवटी सरळ सांगून टाकलं, "मला न्हाई कळत काय, गप बगा."

तर आम्ही गप बघितला. आणि गंमत अशी की न कळल्यामुळं तो आम्हाला जास्तच लागला. पुढच्या मंगळवारी परत तोच लावायला लावला. त्याच्या पुढच्याही.

गोष्ट साधी होती, निदान आम्हाला दिसली तेवढी. नदीकाठाला एक जुनं गोदाम. ते दोन टोळ्यांना हवंय. एका टोळीचा म्होरक्या म्हातारा, फार हळू बोलणारा, सारखा चहा पिणारा. त्याची माणसं रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात जातात, आत जाऊन काय करायचं ते करतात आणि बाहेर येतात. बाहेर गाडीत एक जण बसलेला असतो. तरुण, गोरापान, केस नीट विंचरलेला. तो कधीच आत जात नाही. इंजिन चालू ठेवतो, काचेवरचा पाऊस पुसत राहतो. आतून आवाज यायला लागले की रेडिओ जरा मोठा करतो. शेवटी गोदामासाठी दोन्ही टोळ्या एकमेकांना भिडतात आणि मरतो तो पहिला हा गाडीतला. कुणी मारला तेही नीट दिसत नाही. गाडीचा वायपर चालूच राहतो.

वस्तीतल्या लोकांना गोदामाचं प्रकरण लगेच कळलं. कुणीतरी पहिल्याच दिवशी ओरडलं, "ताबा मारत्यात!" सगळे हसले. ताबा म्हणजे काय ते मावळात कुणाला समजावून द्यावं लागत नाही. वादाची जमीन असली की त्यावर एका सकाळी पत्र्याची शेड उभी राहते, मालकीचा बोर्ड लागतो आणि चारपाच पोरं खुर्च्या टाकून बसतात. पोरांनी काही करायचं नसतं. बसायचं, मोबाईल बघायचा, डबा खायचा. ती बसलेली दिसली पाहिजेत, की दुसरी पार्टी येत नाही. कुसगावपासून थेट आमच्यापर्यंत अशा शेडी मी उगवताना आणि जाताना पाहिल्यात.

माझा धाकटा भाऊ सचिन अशा शेडीत बसायला जायचा.

आबांचा पिक्चरच्या बाबतीत एक नियम आहे. बघून झाल्या झाल्या त्यावर बोलायचं नाही. लहानपणी ते जत्रेतल्या तंबूत पिक्चर बघत, आणि त्यांचे वडील घरी येईपर्यंत कुणाला तोंड उघडू देत नसत. "झोपंत मुरू द्यावा, मग सांगावा," असं आबा म्हणतात. त्यामुळं आमच्या वस्तीत पिक्चरवरची मतं दुसऱ्या दिवशी सकाळी, शेकोटीभोवती, चहाचे कप हातात आल्यावर निघत. धुक्यात फक्त आवाज कळायचे, तोंडं नाहीत. कदाचित त्यामुळंच माणसं मोकळी बोलत असतील.

शेवंतामावशीचं मत पहिल्या सकाळपासून पक्कं होतं. "येवढी बापई मानसं घरात येत्यात, जात्यात. येकाला बी कुनी म्हनत न्हाई, ये बाबा, दोन घास खा. त्या म्हाताऱ्याच्या घरात चूल हाय का न्हाई? नुस्ता च्या! मग डोकी फिरनार न्हाईत तर काय." टोळीयुद्धाचं मूळ तिला उपाशी पोटात सापडलं होतं आणि ते तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही. इस्माईलभाईंना वेगळीच काळजी. दर वेळी ते आधीच जाहीर करत, "पिच्चर अंदारातच काडलाय बरं का, माझ्या मशिनीत बिगाड न्हाई." म्हातारा म्होरक्या मात्र त्यांना आवडायचा. ते म्हणत, "एवढी मानसं पदरी, पन एक जन त्याच्यासंगं मोकळं हसत न्हाई. लय एकटा मानूस." त्यांची बायको त्याच वर्षी गेली होती. मी तेव्हा त्याचा संबंध लावला नाही.

दुसऱ्याच्या गोष्टीवर मत देताना माणूस स्वतःबद्दल किती सांगून टाकतो! एरवी विचारलं तर सगळे म्हणतील, आमचं काय, बरं चाललंय. पण पडद्यावरच्या परक्या माणसाबद्दल विचारा, मग आतलं सगळं बाहेर येतं. मी त्या सकाळी नुसती ऐकत बसले असते तर किती बरं झालं असतं. मी चहा गाळायची आणि मध्ये मध्ये टोमणे मारायची.

खरं भांडण लागायचं ते गाडीतल्यावरून. ते सुरू केलं सचिननं. "त्याला का मारला?" तो पहिल्याच सकाळी म्हणाला. "त्यानं काय केलंय? त्यो तर नुस्ता बसला व्हता." आबांनी कपातला शेवटचा घोट घेतला आणि कप उपडा ठेवला. "समद्यात मोठा गुन्हेगार त्योच," ते म्हणाले. "बाकीच्यांनी केलं ते आंगावर घेतलं. ह्यानं रेडिओ मोटा केला. कान व्हते म्हनून केला न्हवं?"

"आबा, त्याचं कामच त्ये. गाडी चालवनं."

"गाडी उबी व्हती. चालवीत कुटं व्हता?"

सचिन उठून गेला. मोटरसायकलचा आवाज धुक्यात बराच वेळ येत राहिला.

मग दर बुधवारी सकाळी हेच. शेकोटीभोवतीच्या प्रत्येकाला न सांगता समजलं होतं की हे बापलेक पिक्चरवर बोलत नाहीत. पण सरळ बोलायचीही सोय नव्हती. सचिनला "तू त्या शेडीवाल्या शेठकडं जाऊ नकोस" म्हटलं की तो चारचार दिवस घरी यायचा नाही. आबांना "त्याला बसवून समजावा" म्हटलं की ते म्हणायचे, "मोटा झालाय त्यो." घरात दोघं एकमेकांना जेवायला हाक मारण्यापलीकडं बोलत नसत. शेकोटीवर मात्र त्या गोऱ्या पोराच्या नावानं तासभर भांडत. आबा म्हणायचे, त्यानं एकदा दार उघडून खाली उतरायला पायजे व्हतं. सचिन म्हणायचा, उतरला असता तर तितंच मेला असता. आबा म्हणायचे, मेलाच की शेवटी. मावशी मध्येच म्हणायची, जेवला असता तर उतरला असता. सगळे हसायचे, ते दोघंही हसायचे. मला वाटायचं, चला, हसतायत म्हणजे अजून काही बिघडलं नाही.

सचिन वाईट नव्हता. हे प्रत्येक बहीण म्हणते, मला माहीत आहे. पाहुण्यांची रडणारी पोरं तो खांद्यावर घेऊन पाण्याकाठी फिरवायचा. तंबूची दोरी त्यानं बांधली की वाऱ्यानं सुटायची नाही. पण त्याला कुणीतरी असल्यासारखं वाटायला हवं होतं. इथं कॅम्पवर तो "ए भाऊ, बर्फ आण" होता. तिथं शेडीत बसला की रस्त्यावरच्या गाड्या हळू व्हायच्या. शेठ त्याला नावानं हाक मारायचा. वयाच्या चोविसाव्या वर्षी एवढं पुरतं.

पौष अर्धा झाला होता. मंगळवार होता, आम्ही पिक्चर लावला होता आणि सचिन नव्हता. त्या संध्याकाळी कुसगावच्या एका प्लॉटवर दुसऱ्या पार्टीचा रखवालदार शेडीतल्या पोरांना म्हणाला, मी हलणार नाही. म्हातारा माणूस, मराठवाड्याकडून पोटासाठी आलेला. पोरांनी त्याला मारलं. नंतर दवाखान्यात त्याचा जीव गेला. त्याचं नाव मी पेपरात वाचलं, इथं लिहीत नाही, माझा तेवढा अधिकार नाही. बुधवारी सकाळी सचिन घरी आला, आंघोळ केली, न जेवता झोपला. दुपारी पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. शेजारच्या घरातून रेडिओचा आवाज येत होता. मी धावत जाऊन तो बंद करून आले. का, ते कळलं नाही.

वकील लोणावळ्याचे होते. स्वच्छ, गोड बोलणारे. अंगणात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "हे बघा, मुलगा म्हणतो तो नुसता खुर्चीवर बसला होता. पण कायद्याला ते चालत नाही. जमावात हजर असला म्हणजे सगळ्यांच्या बरोबरीनं तोही. त्यामुळे तो तिथे होता हेच पुढे यायला नको. मंगळवारी तुमच्याकडे पिक्चर असतो म्हणे? मग झालं तर. तो तुमच्यात बसून पिक्चर बघत होता. एवढंच म्हणायचं."

मी लगेच हो म्हणाले. आजही म्हणेन. मला त्याची लाज वाटत नाही.

आणि वस्तीनं काय करावं? वकिलांनी एकेकाला विचारलं, "कुठे बसला होता?" शेवंतामावशी म्हणाली, "माज्या शेजारी. थंडी वाजत व्हती म्हनून म्या घोंगडीत घेतला." इस्माईलभाई म्हणाले, "मशिनीपाशी व्हता माझ्याजवळ, वायर धरून." पलीकडच्या घरची सून म्हणाली, माझ्या पोराला मांडीवर घेऊन बसला होता. कुणी म्हणालं पडद्याजवळ, कुणी म्हणालं पाठीमागच्या खुर्चीवर, आमच्याच रांगेत. आधी ठरवून कुणी काही बोललं नव्हतं. प्रत्येकानं त्याला आपापल्या शेजारी बसवला होता. वकिलांनी कपाळाला हात लावला. "अहो, माणूस एका वेळी एकाच ठिकाणी बसतो!" मी त्या सगळ्यांकडं बघत होते आणि मला रडू येत होतं. इतकी माया असलेल्या वस्तीतून उठून तो पत्र्याच्या शेडीत का जाऊन बसला, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

शेवटी वकिलांनीच ठरवलं. तो वडिलांच्या शेजारी, पेंढ्यावर बसला होता. बाप सांगेल ते बाकीच्यांनी सांगायचं. आबा तेव्हा खाली बघत होते. हो किंवा नाही काहीच म्हणाले नाहीत. आम्ही ते हो धरलं.

पोलीस ठाण्यात जबाबाला मी त्यांच्याबरोबर होते. साहेब बरे होते, आबांना खुर्ची दिली. विचारलं, "मंगळवारी संध्याकाळी कुठं होता?"

"वस्तीवर. पिच्चर बगत व्हतो."

"कुठला?"

"विंग्रजी. टोळीवाल्यांचा."

"मुलगा बरोबर होता?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्यांच्या मनगटाला हात लावला. ते म्हणाले, "न्हाई सायेब. त्यो न्हवता."

एवढंच. त्यापुढं वस्तीतल्या कुणी काही सांगण्यात अर्थ नव्हता.

घरी येताना गाडीत मी त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग बोलणं बंदच केलं. ताट वाढून समोर ठेवायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. वस्तीतल्या लोकांना आता नवीन विषय मिळाला. पडद्यावरचा गोरा मागं पडला आणि मतं आबांबद्दल निघायला लागली. कुणी म्हणालं, म्हातारा दगड आहे. कुणी म्हणालं, खरं बोलून कुणाचं भलं केलं? पोटच्या पोरापेक्षा पिक्चरमधलं तत्त्व मोठं झालं, असंही कुणीतरी म्हणालं आणि मला ते पटलं. इस्माईलभाई तेवढे म्हणाले, "तुमाला मला काय ठावं त्यांचं." पण त्यांनी प्रोजेक्टर परत आणला नाही आणि आम्ही मागितला नाही. पाहुण्यांनी विचारलं तर मी सांगते, मशीन बिघडलंय.

आबा बदलले. म्हणजे मला तसं वाटलं. शेकोटीपाशी एकटे बसायचे आणि मी चहा ठेवायला गेले की स्वतःशी म्हणावं तसं म्हणायचे, "पोरगं नुस्तं बसलं व्हतं गं. म्याच त्याला आत घातला." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी थबकले. गाडीतल्याला गुन्हेगार ठरवणारा हाच माणूस. पुन्हा पुन्हा तेच म्हणायचे, ऋतू कोणताही असो. मला वाटायचं, बरं झालं, कळतंय तर. माझ्या रागाला ते वाक्य पुरायचं. नुसता बसला होता, तरी यांनी पोलिसांच्या हाती दिला. मी हेच मनाशी घोळवत तंबू बांधले, भाकऱ्या भाजल्या, पाहुण्यांना हसून या म्हटलं. गुन्हा नसलेला भाऊ आणि गुन्हेगार बाप, एवढ्या आधारावर मी दोन हिवाळे काढले. खटला अजून चालू आहे. शेठचं नाव कशातच आलं नाही.

आबा एकदाच तुरुंगात भेटीला गेले होते. सचिननं निरोप पाठवला, मला भेटायचं नाही. ते फाटकाबाहेर वेळ संपेपर्यंत थांबले आणि परत आले. मी जाते. काचेपलीकडं तो बसतो, दोघांच्या हातात फोन. आम्ही कॅम्पबद्दल बोलतो, मावशीच्या गुडघ्याबद्दल बोलतो. आबा शेकोटीपाशी काय म्हणतात तेही मी त्याला एकदा सांगितलं होतं.

यंदाचे तंबू लागायच्या आधी गेले तेव्हा त्यानं फोन कानाला नीट लावून घेतला. मग म्हणाला, "ताई, आबा अजून तेच म्हनत्यात का, मी नुस्ता बसलो व्हतो?"

"व्हय. रोज."

"मी बसलो न्हवतो." त्यानं फोन दुसऱ्या हातात घेतला. "उठलो व्हतो. म्हाताऱ्याचे हात मी धरले व्हते. त्यो म्हनत व्हता, सोड बाळा. मी न्हाई सोडले." मग म्हणाला, "आबांना सांगायचं का न्हाई, तू ठरीव."

परतीच्या एसटीत खिडकीची काच बंद होईना. कामशेतपर्यंत वारा तोंडावर घेत बसले. माझ्या भावाचे हात मला माहीत होते. त्या हातांनी बांधलेली दोरी सुटत नाही, हे मी कौतुकानं सांगत आले होते. ते एका म्हाताऱ्याच्या मनगटावर होते हे मला दिसत होतं आणि मला ते बघायचं नव्हतं.

मग आबांचा विचार आला आणि अडकले. सांगितलं तर त्यांच्या छातीवरचा दगड उतरेल. निर्दोष पोराला आपण आत घातलं, या विचारानं ते झिजत चाललेत. त्यांना कळेल की आपण बोललो ते बरोबरच होतं. पण सांगितलं तर त्यांचा मुलगा जाईल. नुसता बसलेला का होईना, तो त्यांच्याजवळ होता. नाही सांगितलं तर मुलगा राहील आणि दगडही राहील. वस्तीच्या वळणावर उतरले तरी मला ठरवता आलं नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा मला त्यांची कीव आली.

दुपार कलली होती. आबा ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. मी पाय धुऊन त्यांच्यासमोर बसले, ढिगातल्या मूठभर शेंगा घेतल्या. इतक्या दिवसांत मी त्यांच्याजवळ अशी बसले नव्हते, पण त्यांनी मान वर केली नाही.

"आबा," मी म्हणाले, "सचिन नुस्ता बसला न्हवता."

त्यांचा अंगठा शेंगेत तसाच राहिला.

"ठावं हाय," ते म्हणाले.

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू गेलं नाही.

"त्या सकाळी आला तवा आंगुळीला पानी म्या काडून दिलं. दोनी मनगटांवर नखं लागल्याली व्हती. लय खोल न्हाई. म्हाताऱ्या मानसाच्या हातात कितीक जोर आसनार." त्यांनी शेंग उघडली, दाणे सुपात टाकले. "म्या इचारलं न्हाई. पानी वतीत ऱ्हायलो. सायबाम्होरं तोंड उघडलं तर तीच नखं दिसाया लागली."

"मग रोज म्हनत व्हता, नुस्ता बसला व्हता म्हनून?"

"तुला सांगत व्हतो." ते म्हणाले. "तुला येकच भाऊ हाय."

मी सुपाकडं बघत राहिले. दोन वर्षं मी या माणसाशी धड बोलले नव्हते, आणि त्यांनी ते चालवून घेतलं होतं. मी त्यांच्यावर रागावलेली होते तोवर माझा भाऊ निर्दोष होता, आणि तेवढ्यासाठी त्यांनी माझा सगळा राग घरात ठेवून घेतला होता. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. आमच्यात तशी पद्धत नाही. मी रडत रडत शेंगा सोलत राहिले.

सूप भरत आलं तेव्हा त्यांनी खाली बघतच विचारलं. सचिनबद्दल त्यांनी आजवर काहीच विचारलं नव्हतं.

"लय वाळलाय का गं?"

मी हो म्हणाले.